तांब्याचे दाणे हवेत, भुकटी नको: इलेक्ट्रोफॉर्मिंगमधल्या या चुका टाळा

इलेक्ट्रोफॉर्मिंग म्हणजे खऱ्या पानाला वीज वाहून नेणारा ग्राफाइटचा रंग लावायचा, ते मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि ॲसिडच्या द्रावणात तारेला टांगायचं आणि विजेने त्यावर तांबं चढवायचं. पिंपळपानाच्या पेंडंटवर मला गिरगाव चौपाटीच्या ओल्या वाळूसारखा खरबरीत पोत हवा होता. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला डीसी सप्लाय (द्रावणाला करंट पुरवणारी पेटी) दोन ॲम्पिअरवर लावला आणि झोपले. सकाळी पान काळपट, कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे गठ्ठे. नख लावलं तर सगळं भुकटी होऊन हातात आलं.

करंट वाढवला ही चूक नव्हती, रात्रभर तसाच ठेवला ही होती. दाणे जास्त करंटलाच येतात, पण त्यांना धरून ठेवायला वरून कमी करंटचा थर लागतो. आता मी आधी दर चौरस सेंटिमीटरला साधारण १५ मिलिॲम्पिअर ठेवते. त्या वेगाने तासाला सुमारे २० मायक्रॉन तांबं चढतं. चांगला थर आला की थोडा वेळ करंट दुप्पट-तिप्पट. दाणे दिसले की परत १५वर, चार-पाच तास. क्षेत्रफळ मोजताना पानाच्या दोन्ही बाजू धरा, नाहीतर करंट निम्माच पडतो आणि पोत काही येत नाही.

अगदी सुरुवातीला, नुसता ग्राफाइटचा रंग असताना, करंट याहूनही कमी हवा. नाहीतर तारेपाशी तांबं जळतं आणि टोक कोरडंच राहतं.

दुकानदार ब्राइटनर, म्हणजे द्रावणात घालायचं चकाकीचं रसायन, गळ्यात मारतोच. आरशासारखी चकाकी हवी असेल तर घ्या. खरबरीतपणा हवा असेल तर तोच तुमचा शत्रू. मोरचूद मात्र शुद्ध घ्या, फवारणीचं नको. त्यातला गाळ नको तिथे पुटकुळ्या उठवतो. नळाचं पाणीही नको, डिस्टिल्डच. आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

पावसाळ्यात मला सगळ्यात जास्त छळतं ते पान. वरून वाळल्यासारखं दिसतं, आत ओल असते. ग्राफाइटच्या आधी पान बंद करायला लावलेला लॅकरचा (वॉर्निशसारखा) थर कुठे सुटला तर द्रावण आत शिरतं आणि महिन्याभराने बाहेर झिरपतं. मैत्रिणीच्या पांढऱ्या कुर्त्यावर पडलेला निळसर डाग अजून गेलेला नाही. जुलैत पान आठवडाभर वहीत दाबून ठेवते, मग लॅकरचे दोन हात, मधे एक दिवस.

द्रावण मोरीत ओतू नका, मोरचूद माशांना विषारी. तसंही ते गाळून पुन्हा पुन्हा वापरता येतं. माझी बरणी दुसऱ्या वर्षात आहे.