जिलेटिन मायक्रोस्फिअर बनवताना या चुका टाळा

मायक्रोस्फिअर म्हणजे औषध भरून ते हळूहळू सोडण्यासाठी बनवलेले सूक्ष्म गोल कण. ते एकमेकांना चिकटून गोळा झाला, की पहिला संशय ढवळण्याच्या वेगावर जातो. वेगाने कणांचा आकार ठरतो हे खरं, पण गोळा होण्याचं मूळ बहुतेक वेळा तापमानात असतं.

जिलेटिन थेट गरम पाण्यात टाकू नका, गुठळ्या होतात. आधी थंड पाण्यात फुगू द्या, मग 40 ते 50 अंश सेल्सिअसला विरघळवा. ज्या तेलात हे द्रावण ढवळून थेंबांत फोडायचं, ते तेलही तितकंच गरम हवं. गार तेलात द्रावण ओतलं, तर थेंब नीट फुटायच्या आतच घट्ट होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गोल कणांऐवजी शेपट्या नि तंतू दिसतात. इमल्शन (तेलात पसरलेले जिलेटिनचे थेंब) जमलं की ढवळणं न थांबवता भांडं बर्फात ठेवा. ढवळणं आधी थांबवलं तर मऊ थेंब एकत्र येणारच. तेल काढायचं ते बर्फगार अॅसिटोनने, आणि आसपास ज्योत नको. क्रॉसलिंकिंग (जिलेटिनच्या साखळ्या रासायनिक बंधांनी एकमेकींना जोडणं) व्हायच्या आधी कोमट पाणी लागलं तर कण विरघळून जातात.

क्रॉसलिंकिंग पुरेसं झालं का, हे नुसतं बघून कळत नाही. थोडे कण 37 अंशांच्या पाण्यात रात्रभर ठेवा. विरघळले तर ते कमी पडलं. त्यासाठी ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन वापरलं असेल तर उरलेले अल्डिहाइड गट ग्लायसीनने बंद करून भरपूर धुवा, नाहीतर ते पेशींना घातक ठरतात. प्रथिन औषध आधीच मिसळलेलं असेल तर तेही क्रॉसलिंक होऊन निकामी होऊ शकतं. म्हणून ते शेवटी, कोरड्या कणांवर मोजकं द्रावण टाकून शोषवा. द्रावण जास्त झालं तर औषध बाहेरच राहतं.

सगळ्यात महागात पडते ती विद्युतभाराची चूक. टाइप ए (आम्लाने काढलेल्या) जिलेटिनचा समविद्युत बिंदू, म्हणजे एकूण भार शून्य होतो तो पीएच, साधारण 7 ते 9, टाइप बीचा (अल्कलीने काढलेल्या) 5 च्या आसपास. बीएफजीएफसारखं (पेशींची वाढ घडवणारं) आम्लारीधर्मी प्रथिन शरीराच्या पीएचला धनभारित असतं. ते ऋणभारित टाइप बीला धरून राहतं. टाइप एमध्ये भरलं तर बरंचसं सुरुवातीलाच बाहेर पडतं. अशा वेळी क्रॉसलिंकिंग वाढवत बसू नका, जिलेटिनचा प्रकार बदला.

उलट, नुसत्या पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त क्षारद्रावणात) औषध सुटण्याची चाचणी घेतली आणि थोडं औषध सुटून आलेख सपाट झाला, तर मायक्रोस्फिअर फेकून देऊ नका. भाराने बांधलेलं औषध मुख्यतः जिलेटिन तुटेल तसं सुटतं, आणि पीबीएसमध्ये ते तोडायला एन्झाइमच नसतं. कोलॅजिनेज (जिलेटिन तोडणारं एन्झाइम) घालून चाचणी पुन्हा लावा.