दप्तर, डबा आणि 43 फूट: कोल्हापुरातली शाळा निभावण्याचे उपाय

कोल्हापुरात शाळा 15 जूनच्या आसपास भरते आणि पाऊसही बहुधा तोच मुहूर्त साधतो. त्यामुळे पहिले अडीच-तीन महिने खरा विषय गणित नसून पाणी असतो. ऑगस्टअखेर ज्याचं दप्तर कोरडं, त्याचं निम्मं वर्ष निघालं म्हणून समजा.

दप्तरावर चढवायचं रेनकव्हर दिसायला झकास. पण पाणी शिरतं पाठीकडून आणि पट्ट्यांच्या शिवणीतून, आणि तिथं कव्हर पोचतच नाही. म्हणून प्लास्टिक आतून घाला. जाड, मोठी पिशवी दप्तरात अस्तरासारखी बसवा, वह्या तिच्यात उभ्या ठेवा आणि तोंड दोनदा पिळून खाली दुमडा. गाठ मारू नका. गारठलेल्या बोटांनी ती सुटत नाही आणि पहिला तास गाठीतच जातो. रेनकोट दप्तरासकट अंगावर घ्यावा. उंट दिसाल, पण कोरडा उंट. रंकाळ्याच्या कडेनं जाणाऱ्यांनी छत्रीचा नाद सोडावा. वाऱ्यानं ती उलटली की दोन्ही हात छत्रीला आणि दप्तर देवाला.

जेल पेन आणि शाईपेन दिवाळीपर्यंत कंपासपेटीत झोपू देत. त्यांची शाई पाण्यात पसरते आणि शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका पुढच्या चार पानांवर उमटते. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती टिकते. ब्राऊन पेपरचं कव्हर भिजलं की रंग सोडतं, म्हणून त्यावर प्लास्टिकचं कव्हर हवंच.

तरीही वही भिजली, तर तिला गॅसजवळ शेकू नका. पानं आकसून एकमेकांना चिकटतात. दर आठ-दहा पानांनंतर रद्दीचा कागद घाला, वर पाट, पाटावर तांदळाचा डबा. तासाभरानं रद्दी बदला, झोपताना पुन्हा एकदा. सकाळी पानं नागमोडी दिसली तर वर कोरडा कागद ठेवून मंद इस्त्री फिरवा. प्लास्टिकचं कव्हर आधी काढायला विसरू नका, नाहीतर वहीबरोबर इस्त्रीचाही निकाल लागतो.

आता ओघानंच आलं म्हणून: "सर, वही भिजली की ओ!" हे कारण जुलैत चालतं, पण वर्षातून एकदाच आणि पुराव्यासकट. नळाखाली धरलेली वही अनुभवी बाई लांबूनच ओळखतात. पावसानं वही कोपऱ्यातून किंवा कडेनं भिजते आणि मधली पानं बरीचशी वाचतात. नळाची वही मात्र सगळीकडून सारखी चिंब असते. शिवाय इतिहासाची भिजली आणि तिला चिकटून असलेली भूगोलाची कोरडी, हे कसं, याचं उत्तर तयार लागतं. त्यापेक्षा पाच ओळी लिहून नेणं कमी कष्टाचं.

सुट्टीचा हिशोब बहुतेकांचा इथंच चुकतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे इथल्या पोरांना तेराच्या पाढ्याआधी पाठ असतं. "त्रेचाळीसला टेकलं का रं?" या भरवशावर गृहपाठ सोडू नका. सुट्टी फुटावर मिळत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर मिळते. मोबाईलवर आदेश आला तर आधी तारीख बघा, मग तालुका, मग नाचा. मागच्या वर्षीचा कागद पुन्हा फिरतो आणि वर्गात तेवढे एकटे तुम्ही गैरहजर लागता. शेजारच्या बाकावरच्याच्या घरात पाणी शिरलं असेल, तर त्याची ती सुट्टी नसते. बुडालेला अभ्यास त्याला उतरवून द्या, बॉलपेननं.

बूट रात्री रद्दी कोंबून उभे ठेवावेत. चुलीपाशी ठेवले की तळव्याचा डिंक सुटतो आणि प्रार्थनेला बूट जबडा उघडतो. पांढऱ्या बुटांना खडू फासायची युक्ती जुनीच, पण बूट पूर्ण वाळल्यावरच फासा. ओल्या बुटावर खडूची लापशी होते. मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत असावा. ओले मोजे बाकाखाली लपवू नयेत, तिसऱ्या तासाला ते स्वतःच हजेरी देतात.

डब्याचा शत्रू पाणी नव्हे, तेल. कांदा-लसूण चटणीत तेल घातलं असेल तर ती दोन भाकरींच्या मध्ये पसरा; निम्मं तेल भाकरीच पिते. उसळ रस्सा निथळून न्या. झाकणाची रबरी रिंग धुताना निघते आणि बहुतेक वेळा मोरीतच राहते, म्हणून निघण्यापूर्वी झाकणावर बोट फिरवून खात्री करा. तरी डाग पडलाच तर लगेच खडूची पूड दाबून तासभर ठेवा, मग झटका. डाग फिका होतो, जात नाही. भडंग नेणार असाल तर दुप्पट न्या आणि मधल्या सुट्टीआधी डबा उघडू नका. दमट हवेत भडंग बघता बघता मऊ पडतो, आणि वासानं मागचे दोन बाक जागे होतात ते वेगळंच.

दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावं, असं 2020 चं दप्तर धोरण सांगतं. म्हणजे 30 किलोच्या मुलाला 3 किलो. दप्तर घेऊन काट्यावर उभे राहा, मग ते उतरवून, आणि वजाबाकी करा. जास्त भरलं तर पुस्तकं वाटून आणा, पण तिघांत. दोघांत वाटली तर मुसळधार पावसाच्या दिवशी विज्ञानाचं पुस्तक घरी बसतं.

बाक मधल्या रांगेतला, तिसरा. खिडकीचा बाक एप्रिलमध्ये स्वर्ग, जुलैत न्हाणीघर. शेवटच्या बाकाची कीर्ती उगाच झाली आहे, कारण फळ्याकडे वळलेले सर परत फिरले की पहिली नजर तिथंच जाते.

राहिली प्रगतिपुस्तकावरची सही. ती रविवारी दुपारी घ्यावी, तांबडा-पांढरा पोटात गेल्यावर आणि डोळा लागायच्या आधी; मध्ये वीसेक मिनिटं मिळतात. पेठेचा संघ फुटबॉलमध्ये हरला असेल तर एक आठवडा थांबा. पेन आधी कागदावर चालवून बघा. ते नाही उमटलं, तर दुसरं आणेपर्यंत वडील आतली पानं चाळतात.