कॅरिबियन क्रूझ : कुठल्या पोर्टला काय बुक करायचं आणि काय सोडून द्यायचं

क्रूझ बुक झाली रे झाली की एक्सकर्शनच्या, म्हणजे पोर्टवरच्या छोट्या सहलींच्या, मेल सुरू होतात, डॉल्फिन, झिपलाइन, कॅटामरान बोट, प्रत्येक फोटोत पाणी निळंशार आणि माणसं दात काढून हसतायत, आणि आपण बसतो प्रत्येक पोर्टसमोर तीन-तीन गोष्टी लिहीत. थांबा जरा. आधी एक कागद घ्या आणि प्रत्येक पोर्टसमोर फक्त तास लिहा. जहाज कधी लागतं, कधी सुटतं, आणि त्यातले खरोखर आपल्या हातात किती. काय बघायचं ते नंतर.

समजा ८ ते ५ लिहिलंय. ९ तास वाटतात ना? जहाज धक्क्याला लागून खाली सोडेपर्यंत साडेआठ, आपल्यातलं कोणीतरी अजून नाश्त्याची तिसरी प्लेट संपवत असतं म्हणून नऊ. सगळ्यांनी परत जहाजावर असायची वेळ, ज्याला ऑल अबोर्ड म्हणतात, ती बहुतेक वेळा सुटायच्या अर्धा तास आधी असते, म्हणजे साडेचार. स्वतःचं स्वतः फिरणार असाल तर त्याच्याही आधी तास-दीड तास राखून ठेवायचा, म्हणजे तीन. उरले सहा तास. त्यात जाणं-येणं, जेवण, बाथरूमच्या रांगा सगळं आलं.

त्यातून पोर्ट टेंडरचं असेल तर अजून कात्री. टेंडर म्हणजे जहाज लांब समुद्रात नांगर टाकून उभं राहतं आणि छोट्या बोटींनी आपल्याला किनाऱ्यावर नेतात. ग्रँड कायमनचं जॉर्ज टाउन असंच आहे, बेलीझ सिटी तर त्याहून वाईट, तिथे किनाऱ्याजवळ पाणी उथळ म्हणून जहाज बरंच लांब उभं राहतं आणि नुसती बोटच वीस-पंचवीस मिनिटं खाते. अशा ठिकाणी जहाजाची टूर घेतलेल्यांना बहुधा आधी उतरवतात, बाकीचे नंबर घेऊन बसतात. समुद्र खवळला तर टेंडर चालतच नाहीत आणि अख्खं पोर्ट रद्द होतं. म्हणून अशा पोर्टची बाहेरून काढलेली टूर घेताना एकच प्रश्न आधी विचारायचा, जहाज आलंच नाही तर पूर्ण पैसे परत का? याचं उत्तर गोलगोल आलं की दुसरा बघा.

आता घड्याळाची गंमत, जी खरं तर गंमत नाहीये. कोझुमेल मेक्सिकोच्या ज्या किंताना रू राज्यात येतं तिथे २०१५ पासून वर्षभर एकच वेळ असते, उन्हाळ्यात मायामी, जिथून बरीच जहाजं सुटतात, एक तास पुढे जातं, हे जात नाहीत. मग जहाजाने मायामीची वेळ धरून ठेवली असेल आणि तुमचा फोन किनाऱ्यावरच्या नेटवर्कला लागून स्वतःहून बदलला असेल, तर फोनमध्ये ३ वाजलेले असतात आणि जहाजावर ४. धक्क्यावर धापा टाकत पळणाऱ्या लोकांचे जे व्हिडिओ फिरत असतात ना, त्यातले काही तरी नक्की या फोनवाले असणार. काही जहाजं स्थानिक वेळेप्रमाणे घड्याळ बदलतात, काही नाही बदलत. उतरताना दारावरच्या माणसाला विचारायचं, शिप टाइम काय, आणि साधं काट्याचं घड्याळ मनगटावर घालायचं.

आमची पहिली चूक सांगते म्हणजे मी तासांचं इतकं का धरून बसलेय ते कळेल. कोझुमेलला उतरून तुलुमचे माया अवशेष बघायचे असं ठरवलं, फोटोत समुद्रकाठच्या कड्यावरचं ते देऊळ बघून आई म्हणाली हेच. नकाशावर जवळ दिसतं. पण कोझुमेल हे बेट आहे आणि तुलुम मुख्य भूमीवर! म्हणजे आधी पाऊण तासाची फेरी प्लाया देल कार्मेनला, मग बस साधारण तासभर, मग उन्हात चालणं, आणि परत सगळं उलट. फेरी अशी हलत होती की कर्मचारी आधीच पिशव्या वाटत फिरत होते, आईने त्यातली एक सत्कारणी लावली, आणि एवढं करून अवशेषांपाशी मिळाला सव्वा तास, त्यातली वीस मिनिटं तिकिटाच्या रांगेत. आई अजून म्हणते की तिने तुलुम बघितलं नाही, तुलुमची बस बघितली. त्याच कोझुमेलवर सान गेरवासिओ नावाचे छोटे माया अवशेष आहेत, तुलुमइतके देखणे नाहीत हे खरं, पण टॅक्सीने जाऊन येता येतं आणि उरलेला दिवस पाण्यात घालवता येतो. आणि कोझुमेलचं खरं धन पाण्याखालीच आहे, पालांकार रीफ (प्रवाळाचे खडक) वगैरे.

आता मुख्य प्रश्न, जहाजाकडून घ्यायची की बाहेरून. लोक यावर भांडतात, मला त्यात भांडण्यासारखं काही दिसत नाही. जहाजाची टूर जवळपास नेहमी महाग, ग्रुप मोठा, गाइड छत्री किंवा पाटी वर धरून पुढे आणि चाळीस-पन्नास लोक मागे. पण ती टूर उशिरा आली तर जहाज थांबतं, किंवा कंपनी स्वतःच्या खर्चाने तुम्हाला पुढच्या पोर्टला पोचवते. बाहेरची स्वस्त असते, ग्रुप छोटा, गाइड गप्पिष्ट, पण उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही. म्हणजे जास्तीचे पैसे तुम्ही कशाचे देता तर उशिराच्या विम्याचे. मग हिशोब सोपा आहे, जिथे लांब जायचंय, एकच रस्ता आहे, मधे फेरी आहे, टेंडर आहे, तिथे हा विमा घ्या. जिथे बीच टॅक्सीने पंधरा मिनिटांवर आहे तिथे कशाला घ्यायचा?

असं धरलं की पोर्टं आपोआप वेगळी पडतात.

नुसतं चालायची पोर्टं आहेत काही. सान हुआन, पोर्तो रिको, जहाज जुन्या शहराच्या पायथ्याशीच लागतं (धक्का कुठला ते बघा, काही जहाजं लांबच्याला लागतात), दगडी रस्ते, रंगीत घरं आणि टोकाला एल मोरो किल्ला, ज्याचं बांधकाम १५३९ मध्ये सुरू झालं. तटावर वारा असला भन्नाट की टोपी हातात धरावी लागते. इथे बसची टूर घेणं म्हणजे शंभर पावलांसाठी रिक्षा. कुरासाओचं विलेमस्टाड तसंच, १८८८ चा क्वीन एमा पूल पाण्यावर तरंगतो आणि बोट आली की अख्खा पूल बाजूला सरकतो, तो बंद असला की पलीकडे न्यायला फुकट फेरी. आम्ही त्या पुलावर उभे राहून तीनदा तो सरकताना बघितला आणि कुरासाओचं एक्सकर्शन आमचं तेवढंच. नासाऊला जंकानू बीच आणि क्वीन्स स्टेअरकेस दोन्ही पायी होतात. सेंट मार्टेनचं फिलिप्सबर्ग, वॉटर टॅक्सी घेतली की समोरच बीच.

मग टॅक्सीची पोर्टं. सेंट थॉमसला उघड्या सफारी ट्रकमधून नेतात, भाडं माणशी असतं आणि सरकारने ठरवलेलं, त्यामुळे घासाघीस नाही पण ट्रक भरेपर्यंत थांबावं लागतं. मेगन्स बे सोपा. पलीकडच्या सेंट जॉनला ट्रंक बे आहे, तिथे पाण्याखाली पाट्या लावलेली स्नॉर्कलची (मास्क लावून, नळीने श्वास घेत पोहायची) वाट आहे, मुलांना वेड लागतं, पण मधे फेरी आहे म्हणजे वरचा विम्याचा नियम लावा. सेंट मार्टेनला माहो बीच, विमानं डोक्यावरून उतरतात ते बघायला टॅक्सी पुरते. फक्त उडणाऱ्या विमानाच्या मागे कुंपणाला धरून उभं राहायचा शहाणपणा करू नका, २०१७ मध्ये तिथे जेटच्या झोताने एका बाईचा जीव गेलाय.

आणि तिसरी, जिथे टूर लागतेच. जमैकाचा डन्स रिव्हर धबधबा, हातात हात धरून साखळी करून पाण्यातून चढत जायचं, मजा आहे. पण तुमचं जहाज जमैकात कुठे लागतंय ते बघा! ओचो रिओसला लागलं तर धबधबा अगदी जवळ, फालमथला लागलं तर एका बाजूचा प्रवास तासाच्या वर. ब्रोशरमध्ये दोन्हीकडे तोच फोटो. सेंट लुशियाला पिटोन डोंगर बघायचे तर कॅस्ट्रीजपासून सुफ्रिएरचा रस्ता वळणावळणाचा, बस लागणाऱ्यांनी सरळ कॅटामरान घ्यावी, डोंगर पाण्यावरूनच जास्त छान दिसतात. ग्रँड कायमनची स्टिंगरे सिटी, कंबरभर पाण्यात वाळूचा उंचवटा आणि पायाभोवती ताटाएवढे, परातीएवढे स्टिंगरे, म्हणजे चपटे पाकट मासे. पूर्वी कोळी तिथे मासे साफ करून आतडी टाकायचे, त्या खाऊच्या सवयीने हे जमायला लागले. पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत घासत चालायचं, म्हणजे चुकून त्यांच्यावर पाय पडत नाही. माझ्या नवऱ्याच्या पोटरीला एकाने ओला मखमली रुमाल फिरवल्यासारखं केलं आणि हा माणूस असा किंचाळला की शेजारच्या बोटीतले वळून बघायला लागले.

आता वर्णन कसं वाचायचं. टूर साडेचार तासांची लिहिली असेल तर त्यात बसचे तास धरलेले असतात, प्रत्यक्ष जागेवर किती वेळ ते शोधा, नसेल दिलं तर विचारा. अॅक्टिव्हिटी लेव्हल माफक लिहिलेलं असलं तरी खाली बारीक अक्षरात पायऱ्या किती, चालणं किती ते दिलेलं असतं, आईबाबा बरोबर असतील तर तेवढंच वाचा. झिपलाइनला वजनाची मर्यादा असते, आणि ती तिथे पोचल्यावर काट्यावर उभं करून बघतात, लाजायचं काही कारण नाही पण आधी माहिती असलेली बरी. पोहता येत नसेल तरी स्नॉर्कल जमतं, जॅकेट देतात, फक्त सुरुवात बीचवरून करा, खोल पाण्यात बोटीवरून उडी मारून नको. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आधी विचारून ठेवा, नाहीतर सगळे मासे धूसर. लंच इन्क्लुडेड म्हणजे बऱ्याचदा चिकन, शाकाहारी असाल तर बंद पाकिटातला खाऊ न्या. फळं किंवा बुफेमधलं उघडं अन्न जहाजावरून खाली न्यायला साधारणपणे मनाई असते, ती केळी पर्समध्ये टाकू नका.

त्या दिवशी पोर्टमध्ये किती जहाजं आहेत तेही बघा, वेळापत्रकं ऑनलाइन मिळतात. पाच जहाजं असतील तर धबधब्यावरची ती साखळी म्हणजे सेलच्या दिवशीची लिफ्टची रांग. अशा दिवशी सगळ्यात पहिली सकाळची टूर घ्या.

आणि पैसे. अमेरिकन डॉलर जवळपास सगळीकडे चालतो, म्हणूनच घोळ होतो. सेंट लुशिया, अँटिगा, सेंट किट्सला ईस्टर्न कॅरिबियन डॉलर आहे, एका अमेरिकन डॉलरला २.७०. बार्बाडोस आणि बेलीझला एकाला २. बहामाजला सरळ एकास एक. आणि कायमनला उलटं, त्यांचा डॉलर आपल्या हातातल्यापेक्षा महाग, मेनूवर २० दिसलं की साधारण २५ धरा. टॅक्सीवाला फोर्टी म्हणाला की गाडीत पाय ठेवायच्या आधी विचारायचं, कुठला डॉलर, आणि माणशी की सगळ्यांचे मिळून? दोन प्रश्न. नंतर विचारलं तर उत्तर नेहमी महागातलंच येतं.

किरकोळ वाटणारं पण अडकवणारं : मिलिटरी छापाचे कपडे नेऊ नका, बार्बाडोस, जमैका, सेंट लुशिया, अँटिगा इथे सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे, लहान मुलांची तसल्या छापाची कार्गो पँटसुद्धा घरीच राहू दे. यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये २०२० पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे, ट्यूबची मागची बाजू वाचून घ्या. मेक्सिकोच्या कोस्ता माया पोर्टकडे मार्च ते ऑगस्टच्या सुमारास सारगॅसम, म्हणजे तपकिरी समुद्री शेवाळाचे ढीग, येऊ शकतं आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, तेव्हा तिथला बीच पास आधी न घेता चाकचोबेनच्या माया अवशेषांची टूर बघा. शेवटच्या पोर्टला स्कूबा डायव्हिंग नको, त्यानंतर १८ ते २४ तास विमानात बसायचं नसतं.

बुकिंग कधी? मी घरूनच करते, ऑनलाइन दर बऱ्याचदा जहाजावरच्यापेक्षा कमी असतात आणि ठराविक मुदतीपर्यंत फुकट रद्द करता येतं, म्हणजे आधी पकडून ठेवायची आणि नंतर दर उतरला तर रद्द करून परत घ्यायची. जहाजावर शॉपिंगचं भाषण असतं ते ऐकायला हरकत नाही, पण त्यात सुचवलेल्या दुकानांनी त्या जाहिरातीचे पैसे दिलेले असतात.

सात दिवसात तीन-चार पोर्टं असतील तर एकाला काहीच बुक करू नका. सगळे उतरलेले असतात, गरम पाण्याच्या टबात आपण एकटे, आणि बुफेला रांग नाही.

उतरताना रोज केबिनमध्ये येणाऱ्या कागदाचा फोटो काढा, त्यावर ऑल अबोर्डची वेळ आणि पोर्ट एजंटचा, म्हणजे क्रूझ कंपनीच्या तिथल्या माणसाचा, फोन असतो. पासपोर्टचा पण फोटो फोनमध्ये ठेवा. जहाज चुकलंच तर बऱ्याचदा कर्मचारी केबिनच्या तिजोरीतून तुमचा पासपोर्ट काढून त्या एजंटकडे देऊन जातात, आणि धक्क्यावर उभं राहून आपलं जहाज लहान होत जाताना बघणाऱ्याला फोन करायचा तो त्यालाच.