सर्किटला डीसीच का लागतो, आणि ५ व्होल्टचा सप्लाय कसा बांधायचा

एसीवर, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या करंटवर, बल्ब पेटतो, हीटर तापतो, मग सर्किटनेच काय घोडं मारलंय की त्याला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट लागतो? बल्बच्या तारेला करंट इकडून आला काय न तिकडून आला काय, तापायचंच असतं. ट्रान्झिस्टरचं तसं नाही. सिलिकॉन ट्रान्झिस्टरला चालू व्हायला बेसवर (कंट्रोल करणाऱ्या पायावर) साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात आणि कलेक्टरला (मुख्य करंट जातो त्या पायाला) ठराविक दिशेनेच व्होल्टेज लागतं, ५० हर्ट्झचा एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो म्हणजे तितक्या वेळा सर्किट मेलं, आणि अर्धा वेळ तर उलटं व्होल्टेज. लॉजिक आयसीचंही तेच, टीटीएलमध्ये (५ व्होल्टवर चालणाऱ्या लॉजिक आयसींचा एक प्रकार) इनपुट ०.८ व्होल्टच्या खाली म्हणजे शून्य आणि २ च्या वर म्हणजे एक, आता सप्लायच वरखाली नाचत असेल तर शून्य कुठलं आणि एक कुठलं हे आयसीने ठरवायचं कशावरून?

म्हणून ५ व्होल्टचा हा डीसी सप्लाय स्वतः बांधून बघाच, वाचून जे डोक्यात शिरत नाही ते मीटर लावला की शिरतं.

९ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्या. प्रायमरीला, म्हणजे मेन्सच्या बाजूला, फ्यूज हवाच, आणि तिकडची सगळी जोडणी बंद डब्यात, तिथे २३० व्होल्ट आहेत, पीक तर ३२५ च्या आसपास जातो, प्लग काढल्याशिवाय हात घालायचा नाही म्हणजे नाही. सवय नसेल तर ९ व्होल्ट एसी आउटपुटचा तयार अॅडॅप्टर वापरा, त्यात काही कमीपणा नाही.

सेकंडरीला, म्हणजे ९ व्होल्टच्या बाजूला, चार १एन४००७ डायोडचा ब्रिज करा, तो एसीच्या उलट्या लाटाही सुलट करतो, सगळ्या एकाच बाजूच्या टेकड्या होतात. डायोडवरची पट्टी म्हणजे कॅथोड, दोन पट्ट्या जिथे भेटतात ते प्लस, बिनपट्टीची दोन टोकं भेटतात ते मायनस, उरलेल्या दोन जोडांवर एसी. आता थांबा, कपॅसिटर लगेच लावू नका. आउटपुटला १ किलोओहमचा रेझिस्टर लावून मीटर डीसीवर ठेवा, सात-आठ व्होल्ट दिसतील. प्लग काढून २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर जोडा, परत चालू करा, आकडा उडी मारून बारा-तेराच्या घरात जातो! नवीन व्होल्टेज कुठून आलं नाही, आधी मीटर टेकड्यांची सरासरी दाखवत होता, आता कपॅसिटर शिखराला भरून दोन शिखरांमधली दरी भरून काढतोय. कपॅसिटरच्या अंगावरची पट्टी मायनसची, उलटा लावलात तर तापून फुटतो, तोंड जवळ नेऊ नका.

पण दरी पूर्ण भरत नाही. ५०० मिलीअँपिअर ओढलेत तर १० मिलिसेकंदात ०.५ गुणिले ०.०१ भागिले ०.००२२, म्हणजे सव्वादोन व्होल्टच्या आसपास घसरण, हाच रिपल. माझ्या एका जुन्या अॅम्प्लिफायरमध्ये सतत घुंऽऽ यायचं, मी स्पीकर बदलला, वायरी बदलल्या, शेवटी निघाला सुकलेला फिल्टर कपॅसिटर, तो १०० हर्ट्झचा रिपलच कानाला ऐकू येत होता.

तो काढायला ७८०५, म्हणजे आउटपुट ५ व्होल्टवर धरून ठेवणारा तीन पायांचा रेग्युलेटर आयसी. अक्षरं आपल्याकडे, पाय खाली, की डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. इनपुट कधीही ७ व्होल्टच्या खाली जाता कामा नये, आपला रिपलच्या तळाशीही ९ च्या आसपास राहतो म्हणून चालतं. ५ च्या वरचे व्होल्ट उष्णता होऊन जातात, अर्ध्या अँपिअरला अडीच वॅट, हीटसिंक न लावता चालवू नका. इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अगदी पायांना चिकटून.

सर्किट जोडायच्या आधी १० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर लावून पाच मिनिटं चालवा (तोही चांगला तापतो, हात लावू नका) आणि मीटर बघत राहा. ४.८ ते ५.२ मध्ये स्थिर राहिला तर जोडा, हळूहळू खाली येत असेल तर हीटसिंक लहान पडतोय, मोठा लावा.