तिबोटी खंड्या दिसत नाही? या चुका टाळा

पहिले दोन पावसाळे मला तिबोटी खंड्या दिसलाच नाही, कारण दोन्ही वर्षं मी नदीकाठी जाऊन बसलो. खंड्या म्हटला की पाणी आणि पाणी म्हटलं की मासे, असा माझा सरळ हिशेब. पण या खंड्याचं पोट भरतं ते बहुतेक पाली, सापसुरळ्या, खेकडे, छोटे बेडूक, कोळी आणि नाकतोड्यांवर. उघड्या नदीपात्रात त्याचं फारसं काम नसतं. झाडांनी झाकलेला वहाळ, काठाला ओली माती, दुपारीही अंधार वाटावा अशी झाडी, तिथे तो सापडतो. बसतोही खाली, आपल्या छातीच्या उंचीला. आपण मात्र पक्षी बघायचा म्हणून मान वर करून फिरतो.

दुसरी चूक वेळेची. हिवाळ्याच्या सुट्टीत कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात जाऊन ‘इथे काही नाही’ म्हणत परतणारे दरवर्षी भेटतात. कोकणात तो मेअखेरीस-जूनमध्ये, पावसाच्या सुमारास येतो, सप्टेंबरपर्यंत पिल्लं वाढवतो आणि मग बहुतेक पक्षी दक्षिणेकडे सरकतात. तेव्हा छत्री, डासांचं मलम आणि भिजायची तयारी हवी.

मग ओळख. छोटा खंड्या, म्हणजे तळ्याकाठी सगळीकडे दिसणारा निळा-नारिंगी खंड्या, यालाच तिबोटी समजून मी वहीत नोंद ठोकली होती. पाय लाल होते ना! पण पाय दोघांचेही लालच असतात. बघायचं ते डोकं आणि चोच. छोट्या खंड्याचा माथा निळा. चोच नराची काळी, मादीची फक्त खालून लालसर. तिबोटीचं डोकं नारिंगी, त्यावर जांभळट झाक, आणि चोच अख्खी पोवळ्यासारखी लाल. मानेच्या बाजूला निळा आणि पांढरा ठिपका शेजारी शेजारी. पिल्लू नुकतंच बिळाबाहेर आलेलं असेल तर रंग मळकट आणि चोच फिकट असते, तिथे जपून.

बोटं मोजायच्या भानगडीत तर पडूच नका. पुढे दोन आणि मागे एक अशी तीन बोटं त्याला असतात खरी, पण दुर्बिणीतून ती मोजेपर्यंत पक्षी उडालेला असतो. फोटो पाहून आकाराचा अंदाजही चुकतो. हा जेमतेम १३ सेंटिमीटरचा, म्हणजे चिमणीहून लहान, आणि त्यातही चोचच केवढी!

बहुतेक वेळा तो दिसण्याआधी ऐकू येतो. बारीक, धारदार ‘ची-ची’ अशी शिट्टी आणि पाठोपाठ जमिनीलगत सरळ गेलेली एक नारिंगी रेघ. रेघेच्या मागे धावू नका. जिथे आहात तिथे बसा, कारण ठरलेल्या फांदीवर तो पुन्हा येतो. ऐकण्याची तयारी घरी रेकॉर्डिंग ऐकून करा, पण जंगलात मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. विणीच्या दिवसांत त्याला वाटतं हद्दीत दुसरा कोणी घुसला, आणि पिल्लांना भरवायचं सोडून तो त्यालाच शोधत बसतो.

आता घरट्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. मातीच्या दरडीत, कधी रस्त्याकडेच्या कापलेल्या बांधातही, नर-मादी मिळून आडवं बीळ खोदतात. समोर कॅमेऱ्याची तिकाटणी लावायची, आड येणारी फांदी मोडायची, ‘छान बसावा’ म्हणून दुसरी काठी रोवायची, हे सगळं मी पाहिलं आहे. त्या आड येणाऱ्या फांदीनेच तर बीळ लपलेलं असतं. चोचीतल्या भक्ष्याकडे बघा. सापसुरळीचं डोकं बाहेरच्या बाजूला असेल तर घास बहुधा पिल्लाचा आहे. तो घास घेऊन पक्षी त्याच फांदीवर मान वरखाली करत राहिला आणि बिळात जाईना, तर अडचण तुम्ही आहात. किती मागे सरायचं? तो आत जाईपर्यंत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधली ‘शिकार’ची व्याख्या जरूर वाचा. वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणंही तिच्यात येतं. आणि फोटो टाकताना बिळाचं ठिकाण लिहू नका, पुढच्या रविवारी तिथे जत्रा भरते.

फोटोत पाठ काळीच येते, ही तक्रार नेहमीची. तिबोटीच्या पाठीवरचा आणि पंखांवरचा निळा म्हणजे रंगद्रव्य नाही. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतताना तो दिसतो, त्यामुळे सावलीत पाठ काळपटच दिसणार. कवडसा पडायची वाट पाहा. त्यासाठी फ्लॅश मारू नका.

हे पक्षी रात्री प्रवास करतात आणि पावसाच्या तोंडाशी कधी कधी इमारतींच्या काचांवर आपटतात. सकाळी गॅलरीत असा इवलासा नारिंगी गोळा सापडला तर चोचीत पाणी ओतू नका, हातात घेऊन सेल्फी काढत बसू नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाशी फडकं घाला, पक्षी आत ठेवून खोकं अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. तास-दोन तासांनी उजेड असतानाच झाडांजवळ नेऊन उघडा. पंख लोंबत असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.