दाट धुक्यात विमानाला उतरण्याची परवानगी : शब्दांचा सराव कसा करावा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन पदवीधर झालेले जे विद्यार्थी भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या हवाई वाहतूक नियंत्रण विभागातील ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह पदाची तयारी करत आहेत, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. निवड झाल्यावर नेमणूक देशात कोठेही होऊ शकते, आणि हिवाळ्यातील दिल्लीत धुके इतके दाट असते की मनोऱ्यातून धावपट्टीही दिसत नाही. अशा वेळी नियंत्रकाच्या हाती उपकरणांवरचे आकडे आणि रेडिओवरचे शब्द एवढेच उरतात. उदाहरणांसाठी मी आपल्या सांबऱ्याच्या (बेळगाव विमानतळाच्या) धावपट्टीचे 26 आणि 08 हे क्रमांक घेतले आहेत.

प्रथम आकडे नीट समजून घ्यावेत. धावपट्टीच्या मध्यरेषेवरून वैमानिकाला पट्टीवरच्या खुणा किंवा दिवे किती अंतरापर्यंत दिसतील, याचे माप म्हणजे आर-व्ही-आर. आय-एल-एस म्हणजे रेडिओ लहरींनी विमानाला धावपट्टीकडे आणणारी यंत्रणा, आणि निर्णयाची उंची म्हणजे पट्टी दिसली नाही तर उतरणे सोडून द्यायची उंची. कॅटेगरी एकच्या आय-एल-एस उतरणीसाठी आर-व्ही-आर किमान 550 मीटर आणि निर्णयाची उंची किमान 200 फूट लागते. कॅटेगरी दोनमध्ये ही मर्यादा 300 मीटर आणि 100 फुटांपर्यंत खाली येते. उतरायचे की नाही हा निर्णय वैमानिकाचा असला, तरी तो ताज्या आकड्यावर अवलंबून असल्याने बदललेला आकडा त्याला विनाविलंब सांगणे हे नियंत्रकाचे काम आहे. शेकड्यांतील पूर्ण आकडा ‘सिक्स हंड्रेड मीटर्स’ असा, आणि बाकीचे ‘फाइव्ह फाइव्ह झीरो’ असे एकेक अंक सुटा उच्चारून सांगावेत.

आता मुख्य वाक्य : ‘व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली, रनवे टू सिक्स, क्लिअर्ड टू लँड, विंड टू फोर झीरो डिग्रीज, एट नॉट्स.’ म्हणजे VT-ABC या विमानाला 26 क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरण्याची परवानगी, वारा 240 अंशांकडून 8 नॉट्स (ताशी सागरी मैल). वैमानिकाने धावपट्टीचा क्रमांक, ‘क्लिअर्ड टू लँड’ आणि आपल्या विमानाचे रेडिओवरचे नाव हे तिन्ही परत म्हणून दाखवले पाहिजेत. नुसते ‘रॉजर’ (संदेश मिळाला) आले तर ते उत्तर धरू नये, पुन्हा म्हणवून घ्यावे. चुकीचे आले तर ‘निगेटिव्ह’ म्हणून बरोबर वाक्य पूर्ण सांगावे. या आग्रहाला मोठी किंमत मोजली गेली आहे. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळाच्या धुक्यात मनोऱ्याचे ‘ओके’ उड्डाणाच्या तयारीतील विमानाच्या वैमानिकांना ऐकू गेले, मात्र त्यापुढचे ‘थांबा’ हे सांगणे दुसऱ्या विमानाच्या संदेशाशी एकाच वेळी आल्याने नीट पोहोचले नाही, आणि दोन जंबो विमानांच्या टकरीत 583 माणसे मृत्युमुखी पडली.

परवानगी कधी द्यावी, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुढचे विमान पट्टीबाहेर गेल्याचे एरवी डोळ्यांनी दिसते. धुक्यात मात्र जमिनीवरचे रडार किंवा वैमानिकाचा ‘रनवे व्हेकेटेड’ (पट्टी सोडली) हा संदेश यांवरच भिस्त असते. त्यातही पट्टी सोडणे पुरेसे नाही, कारण आय-एल-एसच्या लहरींना अडथळा होईल अशा संवेदनशील क्षेत्रातून संपूर्ण विमान बाहेर पडावे लागते. टॅक्सीवेच्या (पट्टीला जोडणाऱ्या मार्गाच्या) मध्यरेषेवर जोपर्यंत हिरवे आणि पिवळे दिवे आळीपाळीने दिसतात, तोपर्यंत विमान त्या क्षेत्रात असते. केवळ हिरवे दिवे सुरू झाल्यानंतरच वैमानिकाने तो संदेश द्यावा. युरोपातील मार्गदर्शनानुसार उतरणारे विमान टचडाउनपासून (चाके टेकण्याच्या जागेपासून) दोन नॉटिकल मैलांवर येईपर्यंत परवानगी दिली जावी अशी अपेक्षा असते. 140 नॉट्सच्या वेगाने ते अंतर जेमतेम 50 सेकंदांचे आहे. तोवर पट्टी मोकळी नसेल तर ‘कंटिन्यू अप्रोच’ (परवानगीविना पुढे येत राहा) म्हणावे. मोकळी होण्याची शक्यता मावळली की ‘गो अराउंड’ (न उतरता पुन्हा वर जा) एवढेच स्पष्ट म्हणावे आणि ‘गोइंग अराउंड’ हे उत्तर ऐकावे. कारण नंतर सांगता येते.

सरावासाठी दोघांनी पाठीला पाठ लावून बसावे, म्हणजे चेहऱ्यावरून काही ताडता येणार नाही. एकाने परवानगी द्यावी, दुसऱ्याने परत म्हणताना अधूनमधून मुद्दाम टू सिक्सऐवजी झीरो एट म्हणावे किंवा क्रमांक गाळावा, आणि पहिल्याने ती चूक तिथल्या तिथे पकडून पूर्ण वाक्य पुन्हा सांगावे.