कस्टम फिगरसाठी हाताने छोटे मुखवटे कसे बनवायचे (गिफ्ट द्यायचे असतील तर नक्की वाचा)

कुणीतरी स्वतःच्या डोक्यातून एक कॅरेक्टर तयार केलेलं असतं, त्याची चित्रं वहीभर काढलेली असतात, आणि आपण त्या कॅरेक्टरची फिगर, म्हणजे छोटी मूर्ती, बनवून गिफ्ट द्यायचं ठरवतो. फिगर झाली की मला नेहमी वाटतं अजून काहीतरी हवं, आणि ते काहीतरी म्हणजे मुखवटे. एक रागावलेला, एक हसरा, एक प्राण्याचा, असे तीनचार बदलता येणारे मुखवटे दिले की फिगर शोकेसमध्ये नुसती उभी राहत नाही, माणूस ती हातात घेऊन खेळतो.

म्हणून पहिल्यापासून एकच गोष्ट डोक्यात ठेवा, मुखवटा नीट बसला पाहिजे आणि सहज निघाला पाहिजे. रंग थोडा कमीजास्त झाला तर चालतं, पण चेहऱ्यात अडकलेला किंवा घसरून पडणारा मुखवटा कितीही सुंदर असला तरी दोन दिवसांत ड्रॉवरमध्ये जातो.

आधी माप. खऱ्या माणसाचं डोकं साधारण २३ सेमी उंच धरलं तर १:१२ स्केलच्या (म्हणजे खऱ्या मापाच्या बाराव्या भागाच्या) फिगरचं डोकं २ सेमीच्या आतबाहेर येतं आणि १:६ चं पावणेचार ते चार सेमी. कार्टून टाइप कॅरेक्टरची डोकी मोठी असतात त्यामुळे हिशोबावर विसंबू नका, फिगरच मोजा. चेहऱ्यावर क्लिंग फिल्म (अन्न झाकायची पातळ पारदर्शक प्लॅस्टिक फिल्म) ताणून बसवा, वर कागदी टेप चिकटवा, पेनाने मुखवट्याची कडा, डोळे, नाकाची रेघ काढून घ्या आणि टेप सोडवून कागदावर चिकटवा. हा झाला तुमचा साचा-नकाशा, आता कितीही मुखवटे करा सगळे त्याच मापाचे होतील.

इथेच कडा कुठे संपवायची ते ठरवा. मुखवटा कानांच्या मागे किंवा हनुवटीच्या खाली वळवला की तो वाळल्यावर निघतच नाही, कारण त्याला बाहेर यायला वाटच राहत नाही. कानाच्या पुढे थांबा, हनुवटीच्या टोकाला थांबा. फिगरचं नाक फार टोकदार असेल तर फिल्म लावायच्या आधी नाकाच्या दोन्ही बाजूंना मऊ मातीचे बारीक तुकडे लावून खाच भरून घ्या.

मटेरियल म्हणाल तर माझं मत सरळ आहे, दोन भागांची एपॉक्सी पुटी घ्या. ती आपोआप घट्ट होते, ओव्हन लागत नाही, आणि पातळ थराला सुद्धा बऱ्यापैकी मजबूत असते. पॉलिमर क्ले मला पण आवडते, तिच्यावर निवांत काम करता येतं, पण ती भाजावी लागते (बहुतेक ११० ते १३० डिग्रीला, पाकिटावर असेल तेच पाळा) आणि प्लॅस्टिकची फिगर ओव्हनमध्ये घातली तर ती वाकणार किंवा वितळणार. शिवाय कच्ची क्ले काही प्लॅस्टिकला खाते, दोन्ही बराच वेळ चिकटून राहिले तर पृष्ठभाग चिकट होतो. क्लेच वापरायची असेल तर चेहऱ्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे तीनचार थर दाबून ठसा घ्या, अलगद काढा, आतून चुरगळलेली फॉइल ठासून भरा आणि त्या फॉइलच्या चेहऱ्यावर काम करून तोच ओव्हनमध्ये टाका.

पुटीचं काम असं. हातमोजे घाला, कच्ची एपॉक्सी त्वचेला त्रास देऊ शकते. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग पूर्ण एकजीव होईपर्यंत मळा, रेघा दिसत असतील तर अजून मळा, नाहीतर तो भाग कायमचा मऊ राहतो. मग दोन प्लॅस्टिक शीटच्या मध्ये ठेवून लाटा, साधारण १ मिमी जाडी. फिगरच्या चेहऱ्यावर क्लिंग फिल्म, फिल्मवर व्हॅसलिनचा अगदी पुसट हात, त्यावर ही चकती ठेवून ओल्या बोटाने मधून बाहेर दाबत जा. नकाशा वापरून कडा ब्लेडने कापा.

आता घाई करू नका. ताजी पुटी च्युइंगगमसारखी असते, टोचलं की ओढली जाते. अर्धा तास थांबलात की ती आकार धरायला लागते, तेव्हा भुवया, गालाची हाडं, शिंगं जे काय वर चढवायचं ते बारीक वळ्या लावून चढवा आणि सांधे ओल्या टूथपिकने पुसून टाका. डोळ्यांची भोकं मात्र दोनेक तासांनी, पुटी चामड्यासारखी झाल्यावर, टोकदार ब्लेडने कापायची. गोल डोळे हवे असतील तर संपलेल्या रिफिलची रिकामी नळी दाबा, एकदम स्वच्छ गोल पडतो. भाव जरा जास्तच दाखवा, भुवई जितकी वाकडी वाटते त्याहून थोडी अजून वाकडी करा, कारण एवढ्याशा आकारात नाजूक भाव हातभर अंतरावरून दिसतच नाहीत.

रात्रभर, शक्यतो पूर्ण २४ तास तसंच ठेवा आणि मगच फिल्मसकट उचला.

कडा घासणं हे कंटाळवाणं काम आहे पण सगळा फरक इथे पडतो!! १:१२ मध्ये १ मिमी जाडी म्हणजे खऱ्या मापात १२ मिमी, म्हणजे फळीच. आख्खा मुखवटा पातळ करायची गरज नाही, फक्त बाहेरची कडा आणि डोळ्यांच्या कडा आतल्या बाजूने तिरक्या घासा, बघणाऱ्याला पूर्ण मुखवटाच पातळ वाटतो. ४०० नंबरचा सँडपेपर, मग ६००, मग १०००, आणि पाण्यात भिजवून, म्हणजे धूळ उडत नाही. तरी तोंडाला मास्क लावा.

रंगाचं थोडक्यात सांगते. प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा हात), त्यावर अ‍ॅक्रेलिकचे दोनतीन पातळ हात. मग गडद रंग भरपूर पाण्यात पातळ करून खाचांमध्ये सोडा आणि उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग फिरवा. एवढ्या छोट्या वस्तूवर नैसर्गिक सावली पुरेशी पडत नाही, ती आपणच रंगवायची. शेवटी मॅट वॉर्निश. मुखवट्याची आतली बाजू रंगवू नका, तिथला रंग फिगरच्या चेहऱ्याला लागतो.

बसवायचा कसा? सगळ्यात सोपं म्हणजे दोन बाजूंना सुईने भोक पाडून बारीक इलॅस्टिक दोरा. ही भोकं पण पुटी चामड्यासारखी असतानाच पाडून ठेवा, घट्ट झाल्यावर कडा तुटते. दुसरं, ३ मिमी व्यासाचे १ मिमी जाडीचे मॅग्नेट, एक मुखवट्याच्या कपाळात आतून आणि एक फिगरच्या डोक्यात. चिकटवायच्या आधी दोन्हीच्या एकमेकांना ओढणाऱ्या बाजूंवर मार्करने खूण करा, आणि सगळ्या मुखवट्यांत तीच बाजू ठेवा, मी एकदा ही खूण विसरले आणि एक मुखवटा चेहऱ्यापासून लांब पळायला लागला, सगळं उकरून परत करावं लागलं. क्लेचा मुखवटा असेल तर मॅग्नेट भाजून झाल्यावरच लावा, साधे निओडिमियम मॅग्नेट साधारण ८० डिग्रीच्या वर ताकद गमावायला लागतात. सुपरग्लूऐवजी एपॉक्सी ग्लू घ्या, सुपरग्लूच्या वाफेने रंगावर पांढरट थर येतो. आणि ज्याला गिफ्ट देणार त्याच्या घरात लहान मूल असेल तर मॅग्नेट वापरूच नका, दोन मॅग्नेट गिळले गेले तर आतड्याला भोक पडण्याइतकी गंभीर गोष्ट होते. दोराच बरा.

वॉर्निश हाताला कोरडं लागलं तरी आठवडाभर मोकळं राहू द्या. बॉक्समध्ये फोम कापून प्रत्येक मुखवट्याला वेगळा खड्डा करा आणि वर टिश्यू पेपर ठेवा, फिगरवर चढवून पॅक केलात तर दिवसेंदिवस दाबून रंग चिकटतो. स्वतःच्या हाताने देणार असाल तर अगदी देण्याच्या आधी एक मुखवटा फिगरला घाला, सगळ्यात अनोळखी वाटेल तो. समोरचा माणूस आधी गोंधळतो, मग मुखवटा उचलून बघतो आणि खाली त्याचं स्वतःचं कॅरेक्टर असतं.